वाघजाईच्या राईतलं कूळ

करमाळ्याला आमच्या घरामागे नदी नाही, ओढा नाही, आणि सावलीला एकच लिंबाचं झाड आहे. मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा आई म्हणाली होती, "एवढी झाडं आहेत तरी कुठं शिकायला?" घरात मीच पहिली कॉलेजात गेलेली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं आमच्याकडे कुणी नव्हतं. ते मला यंदा जूनच्या अखेरीस पोलादपूर तालुक्यात मिळालं. तिथून परत येऊन आता काही महिने झाले आहेत, आणि ज्यांनी ते रान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

रान म्हणजे देवराई. सावित्रीच्या काठाला लागून, वाघजाई देवीच्या नावाने गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. मला तिथल्या सुरणाच्या कुळातल्या वनस्पतींची पाहणी करायची होती. सुरण, अळू, शेवळं ही सगळी एकाच कुळातली. फुलांचा एक दांडा आणि त्याला शालीसारखं लपेटलेलं एक पान, ही त्यांची ओळख. दुसरी ओळख म्हणजे खाज. यातल्या काही जातींचे कंद वर्षभर जमिनीत निजून असतात, पावसाच्या तोंडावर आधी नुसतं फूल वर काढतात, आणि पान मागाहून येतं. फूल चार-सहा दिवस टिकतं. तेवढ्यात गाठलं तर गाठलं, नाहीतर पुढच्या वर्षी.

गाठायचं म्हणजे कंदासकट उपटायचं, दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. जात, ठिकाण, आणि संग्राहकाचं नाव. असा कागद संस्थेच्या कपाटात शंभर वर्षं राहतो. माझे वडील शिवणकाम करतात. त्यांनी शिवलेल्या हजारो सदऱ्यांपैकी एकावरही त्यांचं नाव नाही. आमचं आडनाव एखाद्या कपाटात कायमचं जावं, ही माझी हाव होती. ती मी लपवत नाही.

गावाचं नाव आसाणकोंड असं लिहिते आहे. खरं नाव वेगळं आहे. दुर्मीळ कंद उकरून विकणारे लोक हल्ली असलं लिखाण वाचून गावं शोधतात.

महाड

आमचे सर साताऱ्याकडून आंबेनळी घाट उतरून गाडीने येणार होते, मी पुण्याहून एसटीने. महाडच्या स्टँडवर उतरले आणि सरांचा फोन आला. घाटात दरड आली होती, रस्ता बंद. "आता मला लांबून वळसा पडेल, आणि परवा माझी परीक्षेची ड्यूटी आहे. तू एकटीच हो पुढे. सगळं जमेल तुला," ते म्हणाले. वनस्पती दाबायच्या लाकडी फळ्या त्यांच्या गाडीत राहिल्या. माझ्याकडे रद्दी, एक खुरपं, वही आणि वडिलांनी दिलेली जुनी मापाची टेप.

पोलादपूरच्या गाडीला दीड तास होता. चवदार तळ्यावर जाऊन आले. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात त्याचा चौकोनी फोटो होता, चार ओळींच्या वर. पायऱ्यांवर उभी राहिले तर पावसाच्या थेंबांनी सगळं तळं उकळल्यासारखं दिसत होतं. माझ्यासारख्या मुलीने पाठीवर पुस्तकं घेऊन इथे उभं राहावं यासाठी कुणाकुणाला काय सोसावं लागलं, ते त्या चार ओळींत मावलेलं नव्हतं. हात जोडले आणि निघाले.

बाजारात पहिली भेट माझ्या कुळाचीच झाली. एक मावशी प्लास्टिकच्या कागदाखाली शेवळांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. न उमललेली, मिटल्या छत्रीसारखी. शेजारी हिरव्या आवळ्यांसारख्या फळांचा वाटा.

"एक जुडी द्या," मी म्हटलं.

"काकडं?"

"काकड्या नकोत, नुसती शेवळं द्या."

मावशींनी शेजारणीकडे पाहिलं. "घाटावरची हाय गो ही! अगो, काकडं म्हंजे हे फळ. काकडं घेतल्याबिगर शेवळं देत नाय मी. ह्याचा रस घातल्याबिगर खाज मरत नाय. घशाला खाज सुटली की शिव्या मला घालशील."

पैसे पुढे करूनही न मिळालेली ती माझ्या आयुष्यातली पहिली भाजी. मुकाट्याने दोन्ही घेतलं. या कुळातले खाजरे स्फटिक आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, त्यांची आकृती काढून आठ गुण मिळवले होते. त्यांना मारतं कोण, हे मात्र महाडच्या बाजारात कळलं.

आसाणकोंड, पहिला दिवस

संध्याकाळी चारला गावात पोचले. वाटलं होतं एखादा शिपाई भेटेल आणि खोली दाखवेल. पण वाघजाईच्या सभामंडपात पंचवीस-तीस माणसं दाटीने बसली होती, काहींच्या हातांत प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत सातबारे. मी चप्पल काढून वर चढले आणि बोलणं थांबलं.

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष मोरेभाऊ पुढे झाले. तीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवून गावी परतलेले.

"मॅडम, सीधी बात. देवीच्या जमिनीला कूळ कोण लागलाय, त्याचं नाव सांगा."

मला काहीच कळेना. "कूळ म्हणजे सुरणाचं..."

"सुर्वे?" मागून कुणीतरी ओरडलं. "मी बोललो नव्हतो, सुर्व्यांचाच हात हाय ह्यात!"

"तोंड सांभाळून बोल रे!" दुसऱ्या कोपऱ्यातून.

मोरेभाऊंनी माझंच पत्र माझ्यापुढे धरलं. कॉलेजच्या लेटरहेडवर, मी स्वतः टाइप केलेलं. 'विषय : देवराईतील कुळाचे सर्वेक्षण करणेबाबत.' सुरण हा शब्द मी विषयाच्या ओळीत घातलाच नव्हता, कारण तो ओळीत मावत नव्हता.

आमच्या वर्गात कूळ म्हणजे वनस्पतींचं घराणं. कोकणात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, ज्याचं नाव एकदा सातबाऱ्याला लागलं की जमीन त्याची होऊ शकते. इथल्या कित्येकांचे आजे कुळं होते आणि त्यातूनच मालक झाले होते. त्यामुळे या शब्दाची ताकद त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. देवीच्या राईला कूळ लागलं आणि सरकारचं माणूस मोजायला येतंय, असा त्या पत्राचा अर्थ आठ दिवस गावात फिरत होता. दोन भावक्यांत बोलणं बंद झालं होतं.

मी पिशवीतून शेवळाची जुडी काढली आणि वर धरली. "हे! ह्याचं कूळ. ही शेवळं, अळू, सुरण, ह्यांची मोजणी करायला आलेय मी."

खांबाला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "म्हंजे तेरी मोजाया कालिजातनं मानूस धाडलाय?" तेरी म्हणजे रानातलं अळू. सगळा सभामंडप हसला. ज्यांचं बोलणं बंद होतं तेही हसले, फक्त एकमेकांकडे न बघता.

मोरेभाऊ मात्र पक्के. "हसू नका. मॅडम, लिहून द्या. इथलं काही नेणार नाय म्हणून."

सुटकेच्या आनंदात मी कमिटीच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलं : 'वाघजाईच्या राईतील कोणतीही वस्तू मी घेणार नाही.' खाली सही. मनात होती जमीन. लिहिलं होतं 'कोणतीही वस्तू'.

त्या खांबाजवळच्या आजी म्हणजे गुरवांच्या सुंदराकाकी. मी त्यांच्याच घरी राहिले. रात्री त्यांनी माझी जुडी चिरली, काकडांचा रस घातला, सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, टाकली आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढलं. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, जाड आणि खरपूस. ही पांढरीशुभ्र, रुमालासारखी मऊ. मी चौथी मागितली तेव्हा काकी म्हणाल्या, "खा. झाडं मोजायची म्हंजे ताकद लागंल."

राईत

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचे यजमान, धोंडूआबा गुरव, मला राईत घेऊन गेले. चपला वेशीच्या दगडापाशी. लोखंड आत नेत नाहीत, म्हणून खुरपंही तिथेच ठेवायला लावलं. "पडलेलं पानसुदिक भायेर न्यायचं नाय," आबा म्हणाले. "काटकी पायाला चिकटली तर झटकून ये."

आत शिरलं आणि पावसाचा आवाज बदलला. वर पाऊस, खाली फक्त ठिबक. एवढ्या जाड बुंध्यांभोवती वेली चढलेल्या की मूळ झाड कोणतं ते सांगता येऊ नये. डाव्या हाताला सावित्री, गढूळ, दगडांवरून धावणारी. आबांच्या म्हणण्याप्रमाणे ती मोठ्या पुरात राईच्या पायरीपर्यंत येते आणि देवीला शिवून परत जाते. अनवाणी चालताना पहिली दहा मिनिटं मी पायांखाली पाहत होते, साप आणि जळवांच्या धास्तीने. मग विसरले. जळवा विसरल्या नाहीत.

दुपारपर्यंत वहीत माझ्या कुळातल्या सात जाती झाल्या. झाडावर चढणारी एक, ओल्या दगडातली एक, फणा काढल्यासारखं दिसणारा सापकांदा. प्रत्येक ठिकाणी आबा मला त्यांचं नाव सांगत आणि मी त्यांना माझं. माझी नावं ऐकून ते म्हणाले, "एवढ्या नाजूक झाडाला एवढं मोठं नाव? पेलंल का त्याला?"

आठवी जात नदीकाठच्या उतारावर दिसली. एकच. शेवळासारखी, पण शेवळं नव्हे. दांडा बुटका, शेंड्याला जांभळी झाक, आणि लपेटलेल्या पानाच्या आतल्या अंगाला खरबरीत ठिपके. वास असा की आबांनी नाकाला उपरणं लावलं. या कुळातली काही फुलं माश्यांना बोलावण्यासाठी सडक्या मांसासारखा वास सोडतात. मी मात्र गुडघ्यांवर बसून तो वास छातीभर घेत होते. हे मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेलं नव्हतं. नवीन जात वगैरे म्हणण्याइतकी माझी लायकी नाही, पण वेगळं काहीतरी होतं.

मोबाईलला रेंज फक्त देवळाच्या चौथऱ्यावर. सरांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला, आवाज चढलेला. "कंद हवा. फोटोवरून कुणी काही मानणार नाही. कंदासकट पूर्ण नमुना घेऊन ये. फूल किती दिवसांचं आहे?"

"उमललंय सर. दोन दिवसांत बसेल."

"मग थांबलीस कशाला?"

मी वहीतल्या सहीबद्दल सांगितलं. "ते तू बघ," सर म्हणाले. "पण नमुन्याशिवाय ही नोंद होणार नाही, एवढं लक्षात ठेव."

त्या संध्याकाळी मी एकटी राईच्या वेशीपर्यंत गेले. खुरपं दगडापाशीच होतं, कुणी हलवलं नव्हतं. पाऊस लागलेला, वाटेवर माणूस नाही. पाच मिनिटांचं काम. माती मऊ होती. पिशवीत घातलं असतं तर कुणाला कळलं नसतं. खुरपं उचललंही. पण ते ज्या विश्वासाने तिथे तसंच पडून होतं, तो मोडवेना, म्हणून परत ठेवलं. घरी येऊन काकींना सगळं खरं सांगितलं, खुरप्याचंही.

काकींनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "उचललंस ते उचललंस. ठेवलंस ना? मंग उद्या देवीलाच इचार."

कौल

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात कौल लावला. देवीच्या दगडी मूर्तीवर पाणी घालून आबांनी दोन्ही खांद्यांवर तांदळाचा एकेक दाणा चिकटवला. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. मोरेभाऊ वही घेऊन साक्षीला. माझ्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीने तिथे काय करावं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला फक्त त्या दाण्यांकडे बघवत नव्हतं.

आबांनी हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "आई, ही पोर लांबनं आलीय. शिकलेली हाय, तरी बरी हाय. तुझ्या राईतला एक कांदा तिला पायजे. भायेर न्यावा काय? हो असंल तर उजवा दे, नसंल तर डावा."

पाण्याचा थेंब ओघळला. डावा दाणा पडला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मोरेभाऊंना दिसलं याची लाज वाटली. "परत नाही का लावता येत?"

"एका कामाला एक कौल," मोरेभाऊ म्हणाले. मग जरा मऊ होऊन, "सॉरी मॅडम."

मी पायऱ्या उतरायला लागले तेव्हा आबा मागून म्हणाले, "थांब गो बाय. इचारलं काय होतं मी?"

"नेऊ का म्हणून."

"भायेर न्यावा काय, असं इचारलं. आईनं नाय म्हणलं. भायेर न्यायला नाय म्हणलं. बघायला नाय कुठं म्हणलंय?" त्यांनी मोरेभाऊंकडे पाहिलं. "हाताने माती बाजूला केली, बघितला, मोजला, परत झाकला, तर वस्तू घेतली का रे?"

मोरेभाऊंनी वही उघडून माझं वाक्य दोनदा वाचलं. टॅक्सीवाल्याने मीटर वाचावा तसं. "नाय," म्हणाले. "घेतली नाय. बघितली."

शहाणपण असं दिसतं, हे मला कॉलेजच्या पाच वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारपर्यंत मी त्या उतारावर मातीत बसले. बोटांनी माती उकरली. कंद चपटा, मुठीएवढा, मधे खळगा. त्याला न उचलता चारी बाजूंनी मोजलं, वडिलांच्या टेपने. फुलाचा प्रत्येक भाग मोजला, चित्र काढलं, खोडलं, परत काढलं. नमुना उपटून आणला की आपण तो प्रयोगशाळेत निवांत बघू म्हणतो आणि अर्धवट बघतो. इथे परत बघायला मिळणार नव्हतं. म्हणून मी आयुष्यात कुठली गोष्ट बघितली नसेल इतकी ती बघितली. कुठली माशी कधी आत शिरली तेही वहीत आहे.

काकी माझ्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. "माझं लगीन ठरवताना सासूनं मला एवढं बघितलं नव्हतं," म्हणाल्या.

दुपारी त्याच हाताने घाम पुसला आणि घोटाळा झाला. आधी बोटं, मग गाल, मग ओठ. खाजेने मी नाचायला लागले. आबा बाजूला तोंड करून हसत होते. काकींनी कनवटीच्या पुडीतून आमसुलं काढून माझ्या हातातोंडाला चोळली. "नेणार नाय म्हणालीस ना, म्हणून चावला तुला. सोडत नाय तो." संध्याकाळी सभामंडपात पाहते तर माझा चेहरा बघायला जवळजवळ सगळेच आले होते. एकाने विचारलं, "मॅडम, कूळ लागलं काय हो?" यावर त्या दोन भावक्या एकमेकांकडे बघून हसल्या.

निघताना कंदावर माती परत सारखी केली, भोवती दगडांचं छोटं कडं केलं. काकींनी पिशवीत कडवे वाल आणि आमसुलं घातली. मी पाया पडले. 'मॅडम' कधी गेलं आणि 'बाय' कधी झालं, आठवत नाही.

परतल्यावर

सरांनी माझी वही तीन दिवस ठेवून घेतली. बोलावलं तेव्हा चित्रांच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे चांगलं आहे. फार चांगलं आहे. पण फळाशिवाय मी यावर पुढे काही म्हणू शकत नाही. या गटात फळावरून बरंच ठरतं. आणि खरं सांगायचं तर, तू उपटून आणलं असतंस तरी आपण फळापाशीच अडलो असतो." उपटलेलं झाड फळत नाही, ही गोष्ट आम्हा दोघांनाही तेव्हाच सुचली असावी.

ऑगस्ट संपता संपता एका सकाळी मोबाईलवर काकींचा आवाज आला. मोरेभाऊंकडून रेकॉर्ड करून पाठवलेला, मागे पावसाचा आवाज. "बाय, तुझ्या खाजऱ्याला कणीस आलंय. मक्यासारखं. दाणे तांबडे, हिरवे नायत. मी रोज जाऊन बघतंय. टेपबिप नाय माझ्याकडं, वीतभर धर. दाणे मोजले. वरचे मोजता आले, खालचे हात लावल्याबिगर मोजता येत नायत. हात लावू का, ते सांग."

खाली तीन फोटो होते. एकात अर्धं काकींचं बोट.

फळाचे ते फोटो पाहून सरांनी नमुन्याचा हट्ट सोडला, आणि नोंद आता पूर्ण झाली आहे. ती जात कोणती, ते आमच्यापेक्षा मोठी माणसं ठरवतील. कागदावर वाळलेलं झाड नाही, चित्रं आहेत. नमुना कुठे ठेवला आहे, या रकान्यात मी लिहिलं, 'जागेवर, जिवंत.' संग्राहक या शब्दावर काट मारली, कारण संग्रह कुणी केला नव्हता. तिथे 'पाहणी' लिहिलं आणि पुढे तीन नावं घातली : माझं, आबांचं आणि काकींचं. काकींचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं, म्हणून फोन करून विचारलं.

"माझं कशाला गो?" काकी म्हणाल्या. आणि मग एकेक शब्द सुटा करून, मला लिहून घेता येईल अशा बेताने, त्यांनी आपलं संपूर्ण नाव सांगितलं.